राउटर एक, वाटा दोन

हौशी : तात्या, फोनवर व्हीपीएन चालवायला राउटर लागत नाही, हे मलाही मान्य आहे. ॲप उतरवलं, बटण दाबलं, झालं. अडचण टीव्हीची आहे. फायर स्टिकवर आणि अँड्रॉइड टीव्हीवर असं ॲप मिळतं, ॲपल टीव्हीवर २०२३ च्या टीव्हीओएस १७ पासून मिळू लागलं. पण सॅमसंग किंवा एलजीचा नुसता टीव्ही घेतला तर त्यात ते सहसा नसतं. पोरांच्या गेमच्या कन्सोलचंही तेच. राउटरवर व्हीपीएन बसवलं की यातल्या कुणाला काही कळायची गरजच उरत नाही. राउटर त्यांचा सगळा डेटा कुलूपबंद करून व्हीपीएन कंपनीच्या सर्व्हरपर्यंत नेतो आणि तिथून पुढे सोडतो. एकदाच, एका जागी नीट बसवायचं. राधानगरीत फायबर आलंय, घरोघरी स्टिक आल्यात. मग हे आपण का करू नये?

साशंक : करू नये असं मी म्हणत नाही. कशासाठी करायचं ते आधी सांग. तुझ्या बोलण्यात मला तीन वेगळ्या इच्छा एकात एक मिसळलेल्या दिसतात. आपण काय बघतो ते केबलवाल्याला कळू नये, ही एक. आपल्या देशात न दिसणारं दुसऱ्या देशातलं काही बघायला मिळावं, ही दुसरी. आणि तुझा भाऊ जर्मनीत आहे, त्याला गावाकडचं बघता यावं, ही तिसरी. ती तू अजून बोलला नाहीस, पण मनात तीच आहे. या तिघींसाठी एकच डबा आणून चालणार नाही, कारण प्रत्येकीत डेटा वेगळ्या दिशेनं जातो. पहिल्या दोन्हींत तो राधानगरीतून बाहेर जातो, तिसरीत बाहेरून राधानगरीत येतो. दुकानात खोक्यावर ‘व्हीपीएन’ छापलेलं बघून राउटर उचलणारे इथंच फसतात. त्या एका शब्दाखाली तीन वेगळ्या सोयी येतात. पासथ्रू म्हणजे राउटर फक्त दुसऱ्याचं व्हीपीएन अडवत नाही, एवढंच. सर्व्हर म्हणजे बाहेरून घरात यायची सोय. तुला बाहेर जायचं असेल तर क्लायंट लागतो, आणि स्वस्त राउटरांत नेमका तोच नसतो.

हौशी : हे बरोबर. फायबरवाल्यानं जोडणीसोबत दिलेल्या डब्यातही तो बहुधा नसतो. म्हणून मी त्या डब्याला हात लावत नाही. त्याच्यामागे दुसरा राउटर जोडायचा, टीव्ही आणि स्टिक त्याच्या वायफायवर घ्यायची. असुसच्या बऱ्याच राउटरांत, टीपी-लिंकच्या काही राउटरांत क्लायंट असतो. जीएल-आयनेटचे छोटे डबे तर याच कामासाठी लोक घेतात, ते ओपनडब्ल्यूआरटी या खुल्या सॉफ्टवेअरवर चालतात. ओपनडब्ल्यूआरटीची गोष्ट मला फार मोलाची वाटते. लिंकसिसचा डब्ल्यूआरटी५४जी नावाचा साधा घरगुती राउटर होता. त्यात लिनक्स वापरलंय हे लोकांनी ओळखलं, परवान्याप्रमाणे सोर्स कोड खुला करा म्हणून धरून बसले, २००३ मध्ये तो खुला झाला आणि त्यातून पुढच्याच वर्षी हा प्रकल्प उभा राहिला. म्हणजे आज माझ्या घरातला डबा माझ्या मनाप्रमाणे चालतो तो कुणाच्या मेहरबानीनं नाही, लोकांनी हक्कानं मागून घेतलं म्हणून. आणि राउटर जुना झाला, कंपनीनं दुरुस्त्या पाठवणं थांबवलं, तरी ओपनडब्ल्यूआरटीकडून त्या अनेकदा पुढं वर्षानुवर्षं मिळत राहतात. २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाच्या व्हायरसनं जगभरातले पाच लाखांवर राउटर धरले होते. त्यानंतर मी राउटर घेताना अँटेना मोजत नाही, दुरुस्त्या किती दिवस मिळणार ते बघतो.

साशंक : हे तू चांगलं सांगितलंस. पण तुझ्या पहिल्या इच्छेकडं येऊ. केबलवाल्यापासून लपायचं. आज जवळपास प्रत्येक ॲप आपला डेटा स्वतःच कुलूपबंद करून पाठवतं. केबलवाल्याला एवढंच दिसतं की या घरातून अमुक कंपनीच्या सर्व्हरशी बोलणं चाललंय. कोणता सिनेमा, कोणता भाग, ते त्याला दिसत नाही. ते कुणाला दिसतं? त्या कंपनीला, कारण तू लॉगिन केलेलं आहेस. आणि टीव्ही बनवणाऱ्याला. अमेरिकेत व्हिझिओ कंपनीचे टीव्ही पडद्यावर काय चाललंय ते ओळखून कंपनीला कळवत होते. २०१७ मध्ये तिला बावीस लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवावं लागलं. असा टीव्ही तुझ्या व्हीपीएन राउटरला जोडला असता तर काय झालं असतं? त्याची चुगली कुलूपबंद होऊन, सुरक्षितपणे, कंपनीपर्यंत पोचली असती. त्याला इलाज टीव्हीच्या सेटिंगमध्ये आहे, ते ‘बघण्याची माहिती’ गोळा करणं बंद करण्यात आहे. तिथं जायला दोन मिनिटं लागतात आणि एक रुपयाही लागत नाही.

हौशी : मान्य. पण कोणत्या सर्व्हरशी बोलतो एवढं दिसणं म्हणजे थोडकं नाही. घरात कोण केव्हा जागं आहे, कुणाला कोणत्या आजाराची काळजी आहे, हे नुसत्या पत्त्यांवरूनही कळतं. शहरात जोडणी देणारी कंपनी म्हणजे अनोळखी कुणीतरी. आपल्याकडं लाइन ओढणारा पोरगा ओळखीतला असतो, त्याचा मामा आपल्या गल्लीत राहतो. मला त्याच्यावर संशय नाही. पण ओळखीच्या माणसापासून खासगीपण राखणं हे अनोळखी माणसापासून राखण्याहून अवघड असतं, हे तुम्हीही जाणता.

साशंक : जाणतो. आणि तिथंच तुला विचारतो, की त्या पोराच्या जागी तू कुणाला बसवतोस? पनामातल्या नाहीतर स्वित्झर्लंडमधल्या एखाद्या कंपनीला. तुझ्या घरातले सगळे पत्ते आता तिला दिसणार. ती म्हणते आम्ही नोंदी ठेवत नाही. काही कंपन्या बाहेरच्या तपासनीसांकडून तसं तपासून घेतात, चांगलं आहे. पण तू तिच्या दारात जाऊन भांडू शकत नाहीस. फुकटातल्या व्हीपीएनबद्दल तर बोलूच नये. २०१५ मध्ये उघड झालं, की होला नावाची सेवा फुकट वापरणाऱ्यांच्याच इंटरनेट जोडण्या दुसऱ्यांना विकत होती. म्हणजे तुझ्या घरच्या पत्त्यावरून कुणी परका काय करतोय ते तुला माहीतही नाही.

हौशी : फुकटाचं घ्यायचं नाही, हा माझाही नियम आहे. पैसे भरून घ्यायचं, आणि आपल्या देशातला कायदा बघून घ्यायचं. एक गैरसमज मात्र दूर व्हायला हवा. आपल्या राधानगरीत, कोल्हापुरात व्हीपीएन वापरणं हा गुन्हा नाही. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेनं २८ एप्रिल २०२२ ला निर्देश काढले, की व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, त्याला दिलेला आयपी आणि वापराचं कारण पाच वर्षं जपून ठेवावं. ते बंधन कंपन्यांवर आहे. त्यावर एक्स्प्रेसव्हीपीएन, नॉर्डव्हीपीएन, सर्फशार्क, प्रोटॉन यांनी भारतातले आपले सर्व्हर उचलले. आता त्यांच्याकडं ‘इंडिया’ निवडलं तर भारतीय आयपी मिळतो, पण ते यंत्र सिंगापूरला नाहीतर लंडनला असू शकतं.

साशंक : म्हणजे राधानगरीतला माणूस भारतातलाच दिसावा म्हणून सिंगापूरला जाऊन परत येणार. हे नुसतं अंतराचं नाही, यात स्ट्रीमिंगचं मर्मच निसटतं. नेटफ्लिक्सनं २०१२ मध्ये ओपन कनेक्ट जाहीर केलं. सिनेमे भरलेली स्वतःची यंत्रं ते इंटरनेट कंपन्यांना फुकट देतात आणि ती कंपन्यांच्याच जाळ्यात बसवतात. यूट्यूबचीही तशीच सोय आहे. त्यामुळं तू जे बघतोस ते अमेरिकेतून येत नाही, तुझ्या फायबरवाल्याच्या जाळ्यातच, नाहीतर त्याच्या अगदी जवळ ठेवलेलं असतं. म्हणून तर पावसाळ्यात इतक्या लांबच्या तालुक्यातही पिक्चर न अडखळता चालतो. आता तू व्हीपीएन लावलंस. तुझा डेटा सिंगापूरहून बाहेर पडतो, म्हणून नेटफ्लिक्स तुला तिकडच्या यंत्रातून सिनेमा देतं, तो समुद्राखालून मुंबई, मग पुणे, कोल्हापूर, मग इथं. बाजूला ठेवलेलं सोडून तू ते लांबून मागवलंस. फुल एचडीला नेटफ्लिक्स ५ एमबीपीएस सांगतं, फोरकेला १५. तुझं १०० चं कनेक्शन आहे म्हणून तू निर्धास्त आहेस, पण चकरी गोल फिरायला लागली तर वहिनी, म्हणजे तुझी आई, फायबरवाल्यालाच फोन करणार, आणि तो बिचारा खांबावर चढणार.

हौशी : हा मुद्दा मी खोडू शकत नाही, पण त्याला तोड आहे. सगळा डेटा व्हीपीएनच्या बोगद्यात घालायचाच नाही. असुसच्या किंवा ओपनडब्ल्यूआरटीच्या राउटरवर नियम लिहिता येतो, की अमुक यंत्र व्हीपीएनमधून जाईल, बाकी सरळ. मी तेच करणार. टीव्ही आणि सेट टॉप बॉक्स सरळ वाटेनं, एक स्टिक तेवढी बोगद्यातून. वेगाचं म्हणाल तर तो कनेक्शनपेक्षा राउटरच्या प्रोसेसरवर जास्त ठरतो. कुलूप लावणं, उघडणं हे काम त्याच्या डोक्यावर येतं. बोगदा बांधायचं ओपनव्हीपीएन २००१ पासूनचं, भरवशाचं, पण घरगुती राउटरला जड जातं. स्वस्तातला राउटर तिथं दम टाकतो. त्याच कामाचं वायरगार्ड २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात, ५.६ आवृत्तीत आलं. त्याचा कोड चारेक हजार ओळींचा, म्हणजे एखाद्या माणसाला बसून वाचता येईल एवढाच. त्याच राउटरवर ते कितीतरी जास्त वेग देतं. म्हणून राउटर घेताना खोक्यावरचा वायफायचा आकडा बघू नये, वायरगार्डचा वेग किती हे विचारावं.

साशंक : आणि बसवताना?

हौशी : बसवताना चार ठिकाणी लोक अडकतात, ती सांगतो. फायबरचा डबा आणि नवा राउटर दोघंही १९२.१६८.१.१ हाच पत्ता वापरत असतील तर भांडण होतं; नव्याचा बदलायचा. आयपीव्ही६ चालू असेल आणि बोगदा फक्त आयपीव्ही४ नेत असेल, तर अर्धा डेटा बाहेरून सरळ जातो आणि आपल्याला वाटतं आपण झाकलेले आहोत. गूगलची काही यंत्रं राउटरनं दिलेला डीएनएस सोडून स्वतःचा ८.८.८.८ वापरतात, तो राउटरवर वळवून घ्यावा लागतो. आणि एमटीयू, म्हणजे एका वेळी पाठवायच्या डेटाच्या तुकड्याची मर्यादा. वायरगार्डला १४२० लागतो. जोडणी पीपीपीओईची असेल तर १४१२. तो चुकला तर काही ॲप उघडतात, काही नुसती लटकतात, आणि माणूस रात्रभर दुसरीकडंच चूक शोधत बसतो. पण आपल्या भागातली खरी अडचण याहून वेगळी आहे, ती लाइटची. जुलैत इकडं दाजीपूरच्या बाजूला पाऊस लागला की लाइट दिवसातून किती वेळा जाते ते तुम्हाला सांगायला नको. घरगुती राउटरच्या आत बहुधा घड्याळाची बॅटरी नसते. लाइट गेली, आली, की तो जुनीच तारीख धरून उठतो. वायरगार्डच्या हस्तांदोलनात वेळ पाठवली जाते, आणि पलीकडचा सर्व्हर आधीपेक्षा जुनी वेळ आली तर ती नाकारतो. राउटर मग बरोबर वेळ विचारायला इंटरनेटवर जातो, पण जायची वाट त्या बोगद्यातून, आणि बोगदा तर वेळ बरोबर नाही म्हणून बंद. असा तो स्वतःच्याच फेऱ्यात अडकतो. उपाय सोपा आहे: वेळ विचारायचा डेटा बोगद्याबाहेर ठेवायचा, आणि राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावायचा.

साशंक : उपाय सोपा, पण तो कळायला तू लागतोस. तू पुण्याला असतोस, सुट्टीला येतोस. वहिनी घरी एकट्या. मला हे जास्त टोचतं. आजपर्यंत टीव्ही बंद पडला तर शेजारचं पोर येऊन प्लग काढून लावायचं आणि टीव्ही चालू व्हायचा. आता प्लग काढून लावणं हाच बिघाडाचा रस्ता झाला. शिवाय स्टिक एका वायफायवर, फोन दुसऱ्या. नातवाचे फोटो त्या फोनवरून स्टिकवर टाकतात ना? ते दिसायचे बंद होणार, कारण दोन्ही एका जाळ्यात नसतील. आणि नेटफ्लिक्सनं २०२३ च्या जुलैपासून आपल्याकडं ‘एका घराचं खातं’ हा नियम आणलाय, तो ते आयपी पत्ता आणि यंत्रांच्या ओळखीवरून ठरवतात. टीव्ही एका पत्त्यावर, स्टिक दुसऱ्या. एकाच खोलीतल्या दोन वस्तू त्यांना दोन घरांतल्या दिसल्या तर नवल नाही.

हौशी : आणि व्हीपीएन ओळखलं तर फक्त जगभराचे हक्क असलेलेच कार्यक्रम दाखवतात, हे नेटफ्लिक्स स्वतःच सांगतं. २०१६ च्या जानेवारीत एकीकडं त्यांनी भारतात सेवा सुरू केली आणि त्याच महिन्यात प्रॉक्सी अडवणार असं जाहीर केलं. त्यामुळं दुसऱ्या देशातलं बघायचं या इच्छेवर मी फार जीव टाकत नाही. आज चाललं, उद्या बंद. त्यावर राउटरचा खर्च करू नये, असं मी स्वतः लोकांना सांगतो.

साशंक : मग किल स्विचचं काय ठरवलंस? बोगदा तुटला तर स्टिकचं इंटरनेट थांबवायचं की सरळ वाटेनं जाऊ द्यायचं?

हौशी : थांबवायचं. नाहीतर बोगद्याला अर्थच उरत नाही. ज्या क्षणी तो तुटतो त्याच क्षणी तुम्ही उघडे पडता.

साशंक : आणि वहिनींच्या दृष्टीनं उलट. त्यांच्यासाठी स्टिक चालू राहणं महत्त्वाचं. आपल्या धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे बघ. पाणी ठरलेल्या पातळीला आलं की ते कुणाला न विचारता उघडतात. पण उघडले की भोगावतीच्या काठच्या गावांना सांगावा जातो, पेपरात येतं, फोनवर येतं. कितवा दरवाजा उघडला हे शाळेतलं पोरगंही सांगतं. तुझा राउटर उघडला किंवा मिटला तर घरात कुणाला कळणार? पडद्यावर ‘इंटरनेट नाही’ एवढंच येणार. आपोआप होणाऱ्या गोष्टीला माझा विरोध नाही. ज्याच्या घरात ती होते त्याला ती कळत नाही, याला आहे.

हौशी : कळवायची सोय करता येते. मला पुण्यात फोनवर संदेश येईल अशी.

साशंक : बघ, तुला. घरात राहणाऱ्याला नाही.

हौशी : हे मी खरंच या बाजूनं पाहिलं नव्हतं. मग असं करता येईल, की राउटरवरच्या बाजूच्या बटणाला काम द्यायचं. जीएल-आयनेटच्या काही डब्यांवर सरकवायचं बटण असतं, त्याला व्हीपीएन चालू-बंद जोडता येतं. इकडं सरकवलं की बोगदा, तिकडं सरकवलं की सरळ. आईला ॲप नको, पासवर्ड नको. ते बटण मी घालीन. पण तिसऱ्या इच्छेवर तुम्ही अजून बोलला नाहीत.

साशंक : तू बोल. तुझी ती आहे.

हौशी : भाऊ जर्मनीत. त्याला इथल्या मराठी वाहिन्या, इथलं क्रिकेट बघायचंय, आणि घरात पॅक भरलेला आहे. तर राधानगरीच्या राउटरवर वायरगार्डचा सर्व्हर चालवायचा, त्याच्याकडं तिथं एक छोटा राउटर द्यायचा, दोघांना एकमेकांच्या किल्ल्या द्यायच्या. त्याच्या टीव्हीला वाटेल आपण राधानगरीत आहोत. यात कुठलीही व्हीपीएन कंपनी नाही, विश्वास कुणा परक्यावर टाकायचा नाही. दोन्ही टोकं आपल्याच घरात. अडचण एकच, आपल्याकडच्या बऱ्याच जोडण्या सीजीनॅटच्या मागे असतात. म्हणजे अनेक घरं मिळून एकच आयपीव्ही४ पत्ता, बाहेरून कुणी नेमकं आपल्या दारात येऊ शकत नाही. त्याला आयपीव्ही६ चालतं, नाहीतर पैसे भरून स्टॅटिक आयपी, नाहीतर टेलस्केलसारखी सोय. आणि अपलोडचा वेग चांगला हवा, कारण भावाचं डाउनलोड म्हणजे आपलं अपलोड.

साशंक : तंत्र मला पटलं, आणि तिन्हींत हाच बोगदा मला सगळ्यात स्वच्छ वाटतो, हेही सांगतो. तरीही दोन गोष्टी. क्रिकेटचे हक्क देशादेशाप्रमाणे विकलेले असतात. भारतातल्या हक्कांवर इथला पॅक स्वस्त मिळतो; जर्मनीत बसून तो बघणं हे सेवेच्या अटींत बसत नाही. खातं तुमचं, पैसे तुमचे, तरीही. दुसरी मोठी. हे बघून आपल्या गल्लीतले उद्या तुला म्हणणार, आमच्या दुबईच्या पोराला पण बसवून दे. संयुक्त अरब अमिरातीत २०२१ च्या चौतीस क्रमांकाच्या कायद्यात आयपी पत्ता लपवून गुन्हा करणं किंवा तो झाकणं याला कैद आणि पाच लाख ते वीस लाख दिरहम दंड आहे. नुसतं व्हीपीएन तिथं गुन्हा नाही, पण रेषा कुठं पडते ते तिथं राहणाऱ्या पोराला कोण समजावून सांगणार?

हौशी : दुबईला मी बसवून देणार नाही, ते आत्ताच सांगतो. पण भावाचं वेगळं आहे. घरी आला की तो याच सोफ्यावर बसून हाच टीव्ही बघतो, तेव्हा कुणाचं काही बिघडत नाही.

साशंक : आला की बघतो, बरोबर. पण बोगद्यातून तो फक्त टीव्ही बघणार नाही. त्याचा सगळा डेटा राधानगरीच्या पत्त्यावरून बाहेर पडणार, तो किंवा त्याच्या वायफायवर बसलेला कुणीही. फायबरची जोडणी वहिनींच्या नावावर आहे, आधार त्यांचं, सही त्यांची. उद्या काही विचारणा आली तर पोलीस त्यांच्या दारात येतील. २०२३ च्या जूनमध्ये कोल्हापुरात तणावामुळं इंटरनेट बंद झालं होतं, ते आठवतं? अशा दिवसांत कुठल्या पत्त्यावरून काय गेलं हे बारकाईनं बघितलं जातं. किल्ली तुझ्याकडं, वापर त्याचा, नाव त्यांचं. राउटरच्या कुठल्या पानावर हे नीट करता येतं ते मला दाखव.

हौशी : नियम लावता येतो, की बोगद्यातून फक्त टीव्हीच्या सेवांचाच डेटा येईल, बाकीचा त्याच्या तिकडच्या जोडणीवरून जाईल. तो लावीन. जोडणी माझ्या नावावर करून घेता येते, तीही घेईन. एवढं केलं तर जबाबदारी जिथं किल्ली आहे तिथं येते. अटींचा प्रश्न मात्र तसाच राहतो, ते मान्य. पण आईनं भरलेला पॅक तिच्या मुलाला तिच्या घराच्या राउटरमधून बघता येऊ नये, हेही मला पटत नाही, तात्या. आणि तुम्हाला पटतं असंही मला वाटत नाही.

साशंक : पटत नाही. पण माझ्या न पटण्यानं अट बदलत नाही. तू बटण बसव, नाव बदल, आणि भावाला फोन करून ही अट वाचून दाखव. पुढं काय करायचं ते त्याला आणि वहिनींना ठरवू दे, तू एकट्यानं ठरवू नकोस.